भाग आलाय, मग दिसत का नाही?

गेल्या अंकात घरच्या घरी मीडिया सर्व्हर, म्हणजे आपले व्हिडिओ साठवून टीव्हीवर दाखवणारा कॉम्प्युटर, कसा लावायचा ते लिहिलं आणि माझी ई-मेलची पेटी तुंबली. बहुतेकांचा सर्व्हर लागला, चालला. गाडी अडली ती पुढच्याच स्टेशनात. मालिकेचा नवा भाग फोल्डरमध्ये टाकला, पण टीव्हीवर तो जिथे दिसायला हवा तिथे दिसत नाही, नाहीतर तीन वर्षांपूर्वीचा भाग ‘नवा’ म्हणून डोक्यावर येऊन बसतो. म्हणून या महिन्याचं सदर सगळं त्यालाच दिलंय. वायफायवाले, प्रिंटरवाले, यूपीएस शिट्ट्या मारतोय म्हणणारे, थोडं थांबा.

नव्या वाचकांसाठी दोन वाक्यं. मी इंजिनिअर नाही. सांगलीत बावीस वर्षं व्हीसीआर दुरुस्त केले, हेडं पुसली, बेल्टं बदलली, लग्नाच्या कॅसेटींवरची पावसाळी बुरशी काढली. धंदा बसल्यावर त्याच कॅसेटी लोकांना कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला लागलो आणि त्यातून या सर्व्हरच्या नादाला लागलो. माझा सर्व्हर म्हणजे शोकेसखाली ठेवलेला जुना डेस्कटॉप. त्यावर जेलीफिन नावाचा मीडिया सर्व्हरचा प्रोग्राम चालतो आणि आई तो दिवसाचे चार तास वापरते. खाली जे लिहिलंय ते बहुतेक तिच्या तक्रारींतूनच शिकलेलं आहे.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी दूरदर्शनवरचं ‘महाभारत’ दर रविवारी व्हीसीआरवर उतरवून ठेवलं होतं. त्यांच्या माघारी कॅसेटी माळ्यावर पडून होत्या. आता ह्यांनी त्या कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केलीय. शनिवारी एक कॅसेट होते, म्हणजे ४ भाग, ते जेलीफिनमध्ये टाकतात. रविवारी सासूबाई पूजा आटोपून टीव्हीसमोर बसतात. ‘रिसेंटली अ‍ॅडेड’च्या, म्हणजे नुकतंच जोडलेल्याच्या, ओळीत त्यांना दिसतं एकच पोस्टर आणि कोपऱ्यात ४. ते दाबलं की सगळी मालिका उघडते. त्या म्हणतात, “पोरानं नवीन काही टाकलेलंच नाही.” मध्ये एकदा एकच भाग टाकला होता, तो मात्र नावानिशी दिसला. आणि कधी कधी त्या ४ चे आपोआप २ होतात. भाग जातात कुठे?
— एक सून, डोंबिवली

उत्तर : ताई, भाग डिस्कवरच आहेत, ह्यांना उगाच बोलणी खायला लावू नका.

आधी तो ४ समजून घेऊ. जेलीफिन शेवटी आलेल्या फायली तारखेच्या उलट क्रमाने काढतो. त्यात एकाच मालिकेचे दोन किंवा जास्त भाग सापडले की त्यांची जुडी बांधतो, मेथीच्या जुडीसारखी. जुडीवर पोस्टर मालिकेचं आणि आकडा जुडीतल्या भागांचा. एकटाच भाग असला तर जुडी बांधायची गरज नसते, तो स्वतःच्या नावाने आणि क्रमांकाने ओळीत उभा राहतो. तुम्ही एकदा एकच भाग टाकलात तेव्हा झालं ते हेच.

हे असं का केलं असेल, तर कल्पना करा, ह्यांनी ‘महाभारत’चे ९४ च्या ९४ भाग एका रात्रीत टाकले. जुडी बांधली नाही तर त्या ओळीत आठवडाभर दुसरं काही दिसणार नाही. कारण पटण्यासारखं आहे. पण जुडी दाबली की मालिकेचं पान उघडतं आणि त्या पानावर हे चार नवे भाग कुठले ते कोणी बोट ठेवून सांगत नाही. सासूबाई अडतात त्या तिथे, आणि त्यांचं काही चुकत नाही.

तर त्यांना ‘रिसेंटली अ‍ॅडेड’कडे पाठवूच नका. होम स्क्रीनवर ‘नेक्स्ट अप’ नावाची दुसरी ओळ असते. तुम्ही कालपर्यंत बारावा भाग पाहिला असेल तर ती तेरावा समोर धरते, मग तो आज आलेला असो की वर्षापूर्वी. सासूबाईंना हवंय ते हेच. वापरकर्त्याच्या सेटिंगमध्ये ‘होम’ नावाचं पान आहे. तिथे कुठली ओळ कितव्या जागी हे ठरवता येतं. ‘नेक्स्ट अप’ सगळ्यात वर आणा. टीव्हीवरच्या अ‍ॅपची सेटिंगही एकदा उघडून बघा. ब्राउझरमध्ये लावलेला क्रम टीव्हीवर उतरलाय असं गृहीत धरू नका, मी धरलं होतं आणि दोन दिवस आईचं ऐकून घेतलं.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. जी मालिका अजून सुरूच केलेली नाही ती ‘नेक्स्ट अप’मध्ये येत नाही, पहिला भाग हाताने लावून द्यावा लागतो. आणि एखादी मालिका वर्षभर हातात घेतली नाही तर ती तिथून गळते, कारण मुळात ३६५ दिवसांची मर्यादा लावलेली असते. ती वाढवता येते.

आता ४ चे २ कसे झाले ते. मूळ सेटिंग असं असतं की पाहून झालेले भाग ‘रिसेंटली अ‍ॅडेड’मधून लपवायचे. आणि ‘पाहून झालं’ हे जेलीफिन ठरवतो टक्क्यांवर. भाग ९० टक्के चालला की त्यावर बरोबरची खूण होते. समोर माणूस जागा आहे की नाही हे त्याला कळत नाही. माझी आई दुपारी पान खाऊन आरामखुर्चीत बसते, पहिल्या दहा मिनिटांत तिचा डोळा लागतो. भाग संपतो, पुढचा आपोआप सुरू होतो, तोही संपतो. चार वाजता चहाला उठते तेव्हा दोन भाग ‘पाहून’ झालेले असतात, यादीतून गेलेले असतात आणि माझ्या नावाने शंख चाललेला असतो. तुमच्याकडेही असंच काही होत असणार, किंवा घरातला दुसरा कोणी त्याच खात्यावरून भाग पाहतोय. नातू शनिवारी रात्री दोन भाग बघून गेला की आजीच्या जुडीत दोनच उरले.

यावर इलाज तीन, आणि तिन्ही करा. सासूबाईंचं वेगळं खातं उघडा, पासवर्ड नको, फक्त नाव आणि त्यांचा फोटो. पाहिल्याची खूण खात्यापुरती असते, नातवाचं बघणं आजीच्या हिशेबात येत नाही. दुसरं, त्यांच्या खात्यात पुढचा भाग आपोआप लागणं बंद करा, मग डोळा लागला तरी नुकसान एकाच भागाचं. तिसरं, ‘पाहिलेले लपवा’ ही टिक त्यांच्यासाठी काढून टाका. चुकून पाहिलेला झालेला भाग मालिकेच्या पानावर जाऊन त्याच बरोबरच्या खुणेवर पुन्हा दाबलं की न पाहिलेला होतो.

जाता जाता कॅसेटवाल्यांसाठी एक उलटी भानगड सांगतो. ४५ मिनिटांचा भाग उतरवताना पुढची जाहिरात, बातम्यांची सुरुवात, मग निळा पडदा असं सगळं एका तासाच्या फायलीत जातं. भाग संपला म्हणून सासूबाईंनी ४५ व्या मिनिटाला बंद केलं, तर सर्व्हरच्या लेखी झाले ७५ टक्केच. भाग ‘कंटिन्यू वॉचिंग’ या अर्धवट राहिलेल्यांच्या ओळीत अडकतो आणि ‘नेक्स्ट अप’ पुढे सरकत नाही. फायलीचं शेपूट कापा. मी आधी कापत नव्हतो, त्या जुन्या जाहिराती बघायला मलाच मजा यायची. आता त्या वेगळ्या फायलीत काढून ठेवतो.

आणि ह्यांना स्वतःला खात्री करायची असेल की चारही भाग नीट चढले का, तर मालिकांच्या लायब्ररीत वरच्या बाजूला ‘एपिसोड्स’ असा भाग आहे. तिथे जाऊन ‘डेट अ‍ॅडेड’प्रमाणे लावायचं. तिथे जुडी नाही, एकेक भाग सुटा दिसतो.

प्रश्न : १ टीबीची डिस्क भरली म्हणून सगळं ४ टीबीच्या डिस्कवर कॉपी केलं आणि लायब्ररीला नव्या डिस्कचा पत्ता दिला. आता सहा वर्षांत गोळा केलेलं सगळंच ‘नवीन’ झालंय. खरा नवा भाग शोधायचा कुठे?
— वाचक, सांगली

उत्तर : आपल्याच गावचे निघालात. हा मार मी खाल्लाय, त्यामुळे सविस्तर.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत माझ्या डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला. नवी आणली, रात्रभर कॉपी लावली, सकाळी नवा पत्ता दिला. आईने टीव्ही लावला. कधीतरी टाकून विसरलेलं पाककृतींचं एक सदर, भाचीच्या बारशाचं चित्रीकरण आणि तिला न आवडणारी एक मालिका, सगळं ताजं म्हणून वर. “शिळं गरम करून वाढलंस होय रे?” म्हणाली.

झालं काय, तर जेलीफिनमध्ये प्रत्येक भागाला ‘जोडल्याची तारीख’ असते. ती कुठून घ्यायची याचे दोन पर्याय डॅशबोर्डमध्ये, लायब्ररीच्या ‘डिस्प्ले’ पानावर आहेत. एक, फाइल तयार झाल्याची तारीख. दोन, सर्व्हरला ती फाइल पहिल्यांदा सापडली ती तारीख. मूळ सेटिंग पहिलं असतं. आता नव्या डिस्कवर कॉपी केलेली फाइल त्या डिस्कपुरती आजच जन्मलेली असते. आत १९८८ सालचं चित्र असलं तरी जन्मदाखला आजचा. आणि दुसरा पर्याय निवडला असता तरी सुटका नव्हती. फाइल ओळखताना जेलीफिन तिचा पूर्ण पत्ता धरतो, डिस्क, फोल्डर, नाव सगळं. पत्ता बदलला की त्याच्या दृष्टीने जुनी फाइल गेली आणि नवीन कोणीतरी राहायला आलं.

म्हणून डिस्क बदलताना पत्ता बदलू द्यायचा नाही. सर्व्हर आधी बंद करा. पूर्ण बंद. नाहीतर मध्येच त्याची फोल्डर तपासायची फेरी होते आणि फायली दिसत नाहीत म्हणून तो यादीतून नावं खोडायला लागतो. कॉपी करा, जुनी डिस्क काढा, नवी डिस्क जुनीच्याच नावाने आणि जुन्याच जागी जोडा. विंडोज असेल तर तेच ड्राइव्हचं अक्षर द्या, लिनक्स असेल तर त्याच फोल्डरवर माउंट करा. मग सर्व्हर सुरू करा. त्याला काही झाल्याचं कळतही नाही.

तुमचं तर होऊन गेलंय. मग आता? जुनी डिस्क अजून तशीच असेल आणि सर्व्हरच्या डेटाचा बॅकअप घेतलेला असेल, तर तो परत बसवून वरची रीत पहिल्यापासून करा. बॅकअप नसेल तर प्रत्येक भागाच्या ‘एडिट मेटाडेटा’मध्ये जोडल्याची तारीख हाताने बदलता येते. शेकडो भागांना हे करायला कोणाला सांगणार, मी दहा केले आणि सोडून दिलं. फायलींशेजारी एनएफओ, म्हणजे भागाची माहिती लिहिलेली छोटी फाइल, ठेवणारे असाल तर त्यात ‘डेटअ‍ॅडेड’ ही ओळ घालता येते. अशी लिहिलेली तारीख मिळाली की जेलीफिन वरच्या दोन्ही पर्यायांआधी तीच मानतो. हे काम एखादी छोटी स्क्रिप्ट लिहून होतं, पुतण्या-भाचा कोणी असेल तर त्याला गाठा.

नाहीतर मी केलं ते करा. दोन-तीन आठवडे गप्प बसा. नवे भाग येत राहतात, जुनी गर्दी आपोआप मागे जाते.

सेटिंगबद्दल माझं मत विचाराल तर कॅसेटवाल्यांनी दुसरा पर्याय घ्यावा, सर्व्हरला सापडल्याची तारीख. कारण आपण भाग उतरवतो जूनमध्ये, आवाज साफ करायला ठेवतो आणि लायब्ररीत हलवतो गणपतीनंतर. एकाच डिस्कवर फाइल नुसती हलवली तर तिची जन्मतारीख जूनचीच राहते आणि नवा भाग यादीत तीन महिने मागे जाऊन पडतो. फक्त हे सेटिंग पुढे येणाऱ्या फायलींना लागू होतं, आधीच्यांना नाही.

प्रश्न : सर्व्हर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर आहे, फायली घरातल्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर. बायको तिच्या लॅपटॉपवरून संध्याकाळी नॅसवर भाग टाकते. तो टीव्हीवर दिसतो दुसऱ्या दिवशी सकाळी. ‘रिअल टाइम मॉनिटरिंग’ची टिक लावलेली आहे.
— वाचक, नाशिक

उत्तर : टिक लावली आहे, पण तिला ऐकू येत नाही. लिनक्सच्या पोटात आयनोटिफाय नावाची सोय आहे. फोल्डरमध्ये काही बदललं की ती सर्व्हरला हाक मारते. पण ही हाक त्याच यंत्रातून झालेल्या बदलांची. वहिनींनी लॅपटॉपवरून थेट नॅसवर फाइल ठेवली, त्या व्यवहारात तुमचा रास्पबेरी पाय कुठेच नाही. शेजारच्या घरी पाहुणे आले तर आपल्या दाराची बेल कशी वाजेल?

मग भाग दिसतो तो ठरलेल्या फेरीत. जेलीफिनची लायब्ररी तपासायची फेरी मुळात दर १२ तासांनी असते. डॅशबोर्डमधल्या ‘शेड्यूल्ड टास्क्स’मध्ये ती तासावर आणा. नॅसची डिस्क रिकाम्या वेळी झोपत असेल तर दर तासाला जागी होईल, ते नको असेल तर फक्त संध्याकाळी सात आणि नऊ अशा दोन वेळा लावा. किंवा वहिनींना मोबाइलवरून स्कॅनचं बटण दाबायला शिकवा, हे सगळ्यात स्वस्त.

आणखी एक. मोठी फाइल थेट लायब्ररीच्या फोल्डरमध्ये कॉपी करू नका. फेरी मध्येच आली तर अर्धवट फाइल यादीत चढते, लांबी चुकीची दाखवते, मग पुन्हा तुमचं पत्र येतं. नॅसवरच बाहेर एक ‘आवक’ फोल्डर करा, कॉपी तिथे होऊ द्या आणि पूर्ण झाल्यावर आत हलवा. एकाच डिस्कवर हलवणं क्षणात होतं.

प्रश्न : मी जेलीफिनऐवजी कोडी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम वापरतो. जुन्या कॉम्प्युटरवर कॅसेट उतरवून पेन ड्राइव्हने भाग आणतो. लायब्ररीत भाग दिसतात पण ‘रिसेंटली अ‍ॅडेड’मध्ये एकही येत नाही. फायलींची तारीख बघितली तर सगळ्या १ जानेवारी २००२!
— निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : गुरुजी, निदान तुम्हीच करून पाठवलंत. त्या जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२. तो मेलाय. कॉम्प्युटर बंद केला की घड्याळ त्याच्या जन्मतारखेला परत जातं, आणि इंटरनेट जोडलेलं नसल्यामुळे सांगणारं कोणी नाही. सेल घड्याळजीकडेही मिळतो, बदला.

आता कोडी. जेलीफिनच्या उलट, कोडी जोडल्याची तारीख म्हणून मुळात फायलीत शेवटचा बदल झाला ती तारीख घेतो. पेन ड्राइव्हवरून कॉपी करताना ती तशीच सोबत येते. म्हणजे तुमचे ताजे भाग कोडीला चोवीस-पंचवीस वर्षं जुने वाटतात आणि ती ओळ दाखवते वरच्या २५ च. तिथपर्यंत त्यांचा नंबर कसा लागायचा?

कोडीच्या ‘युजरडेटा’ फोल्डरमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्डसेटिंग्ज’ नावाची एक्सएमएल फाइल असते. नसेल तर करावी लागते. त्यात ‘व्हिडिओलायब्ररी’च्या आत ‘डेटअ‍ॅडेड’ची किंमत ० लिहा. मग कोडी फायलीची तारीख बघत नाही, लायब्ररीत घेतला तो क्षण धरतो. आधीचे भाग लायब्ररीतून काढून पुन्हा घ्यावे लागतील. फक्त लायब्ररीतून काढा, डिस्कवरून पुसू नका. कोडी विचारतो तेव्हा नीट वाचून ‘हो’ म्हणा.

प्रश्न : ‘महाभारत’ टाकलं तर पोस्टर भलत्याच ‘महाभारत’चं आलं, चकचकीत मुकुटवालं. शिवाय नवे भाग ‘सीझन अननोन’ अशा कप्प्यात जाऊन पडतात. मुलाने फायलींना ‘भाग १’, ‘भाग २’ अशी छान मराठीत नावं दिली आहेत.
— गृहिणी, पनवेल

उत्तर : मुलाचं कौतुक आहे, पण सर्व्हरला ‘भाग’ कळत नाही. त्याला खात्रीने कळतो तो साचा असा. इंग्रजी ‘एस’, त्यापुढे दोन आकडी सीझन, मग इंग्रजी ‘ई’, मग भागाचा आकडा, मध्ये जागा न सोडता. आकडेही इंग्रजी. ते सापडले नाहीत की भागाला क्रमांक मिळत नाही. क्रमांक नाही म्हणून सीझन अनोळखी, आणि ‘नेक्स्ट अप’ला आधीचं-नंतरचं ठरवता येत नाही. डोंबिवलीच्या ताईंनी सगळं केलं आणि नावं चुकीची ठेवली तर काहीच चालणार नाही. मराठी नाव हवंच असेल तर साच्याच्या पुढे लिहा, पडद्यावर दिसणारं शीर्षकही मागाहून मराठीत करता येतं.

पोस्टरचं असं, की ‘महाभारत’ नावाच्या मालिका एकाहून जास्त आहेत. दूरदर्शनवरची १९८८ ची, स्टार प्लसवरची २०१३ ची. सर्व्हर इंटरनेटवरच्या सूचीत नाव शोधतो आणि साल सांगितलं नाही तर त्याला वाटेल ती उचलतो. मालिकेच्या फोल्डरच्या नावापुढे कंसात साल टाका. त्याच्या आत सीझनचा फोल्डर, त्याच्या आत फायली. चुकीची ओळख आधीच चिकटली असेल तर मालिकेच्या पोस्टरवरच्या तीन टिंबांत ‘आयडेंटिफाय’ आहे, तिथून योग्य ती निवडा. नावं बदलण्याआधी त्या सूचीत मालिकेचे सीझन कसे पाडलेत ते बघून घ्या आणि तेच आकडे द्या. आपल्या कॅसेटीवर सासऱ्यांनी काहीही नंबर लिहिलेला असो. एका गिऱ्हाइकाच्या कॅसेटींवर भागाऐवजी त्या दिवशीची तिथी लिहिलेली होती, जुनं पंचांग काढून मी भाग जुळवले. पैसे भागापुरतेच मिळाले.

प्रश्न : आमच्याकडे जेलीफिन नाही, प्लेक्स आहे. तिथे कधी भाग दिसतो, कधी सीझनचं पोस्टर, कधी मालिकेचं. हा बिघाड आहे का?
— वाचक, बेळगाव

उत्तर : बिघाड नाही. तिथेही जुडीच, फक्त बांधणी वेगळी. एकच भाग आला तर भाग, एका सीझनचे अनेक आले तर सीझन, दोन-तीन सीझन एकदम टाकले तर मालिका. प्लेक्सवर ‘पुढे काय बघायचं’ ते काम ‘कंटिन्यू वॉचिंग’ करतं, अर्धवट राहिलेलं आणि पुढचा भाग दोन्ही एकाच ओळीत. तिथे मागे बघण्याची मुदत मुळात १६ आठवड्यांची असते, जेलीफिनच्या वर्षापेक्षा बरीच कमी. उन्हाळ्यात अर्धवट सोडलेली मालिका दिवाळीत तिथे दिसत नाही ती त्यामुळे. सर्व्हरच्या लायब्ररी सेटिंगमध्ये आठवड्यांचा आकडा आहे, ५२ करून टाका.

पुढच्या महिन्यात यूपीएस. ज्यांचा शिट्ट्या मारतोय त्यांनी बॅटरी किती वर्षांची आहे ते पत्रात लिहा, निम्म्यांचं उत्तर तिथेच मिळेल.